मी पोलीस नाही

अर्लीन टटलने अर्धं आयुष्य शाळेची बस चालवली. डोंगरातली शाळा बंद पडली, बसही गेली, आणि पन्नाशी उलटलेली ही बाई जामिनावर सुटून पळालेल्यांना धरून आणायचं काम शिकायला निघाली. नवरा क्लेम पोट धरून हसला. पण अर्लीनने एकदा मनावर घेतलं की घेतलं. तिने शिकवणी लावली, परीक्षा दिली, बोटांचे ठसे दिले. पोलिसांत तिच्या नावावर काही नाही, हेही सिद्ध झालं. आता परवाना अडला होता फक्त रस्को लेडबेटरच्या शिफारशीवर. हा या धंद्यात मुरलेला खडूस म्हातारा एकदा डोळ्यांनी काम पाहिल्याशिवाय कुणाचीच शिफारस करत नसे.

त्या सकाळी ड्वाइट साइझमोरला आणायचं होतं. दारूच्या नशेत त्याने ट्रक कुणाच्या तरी कुंपणात घातला होता, आणि जामीनदाराने पैसे भरून सोडवल्यावर कोर्टाच्या तारखेला तो हजर झाला नव्हता. आता ओढ्याकाठी चुलतभावाच्या चाकांवरच्या घरात दडला होता. निघण्याआधी रस्कोने रीतसर शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत कळवलं. अर्लीन आली ती जाकिटावर शेरीफच्या बिल्ल्यासारखा चकचकीत पितळी तारा लावून. क्लेमने हौसेने आणलेला.

"तो तारा काढा, अर्लीनबाई."

"अहो, शोभेचा आहे."

"शोभेचाच नडतो. समोरच्याला तुम्ही पोलीस वाटलात, की परवाना विसरा. शेरीफ आलाय असं सांगून दार उघडून घेणारा माझा एक चेला आज कोंबड्या पाळतो."

तिने तारा काढला. रस्को मागच्या दाराशी गेला. अर्लीनने पुढचं दार ठोठावलं.

"कोण आहे? पोलीस?" आतून ड्वाइटचा आवाज आला. "पोलीस असाल तर हात वर करून येतो. त्या जामीनदाराचं माणूस असाल तर नाही येणार. ते झोडपतात."

एक 'हो' म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. रस्कोला मागे ऐकूही गेलं नसतं. अर्लीनच्या ओठांवर आला होता तो शब्द.

"मी पोलीस नाही," ती म्हणाली. "जामीनदाराकडूनच आलेय. आणि खरं सांगू? मला अजून परवानाही मिळालेला नाही."

 आत हसू फुटलं.

"मग मी कशाला येऊ तुमच्याबरोबर?"

"कारण मी झोडपणार नाही. आपल्या पायांनी आलास, तर कोर्टात तसं सांगेन. पळालास तर मागे रस्को उभा आहे, आणि त्याचं आज पित्त खवळलंय."

 आता गेला परवाना, असं अर्लीनला वाटलं. मग कडी वाजली. ड्वाइट बूट घालूनच बाहेर आला.

ड्वाइटला ताब्यात द्यायला तुरुंगाच्या खिडकीशी उभे असताना रस्को पुटपुटला, "मागे मला काही ऐकू आलं नाही. पोलीस आहे असं सांगून काढलंत की काय त्याला? नुसत्या तुमच्या शब्दावर मी शिफारशीवर सही करणार नाही."

अर्लीनने तोंड उघडायच्या आत बेड्यांतले हात वर करून ड्वाइटच म्हणाला, "ही बाई पोलीस नाही. दारातच तसं म्हणाली. म्हणून तर आलो."

रस्कोने नाक ओढलं आणि खिशातून पेन काढलं.