तळ्याच्या तोंडाची जाळी

माझा धंदा खुर्च्या, सतरंज्या आणि माईक भाड्याने द्यायचा. त्यामुळे आमच्या तळ्याचं भलं करायला जे जे आले, त्या सगळ्यांची भाषणं मी स्पीकरच्या मागे उभं राहून ऐकली आहेत. माझी थोरली बहीण मात्र पाण्यात असायची. भाषणाच्या भानगडीत ती पडली नाही आणि पाण्याच्या भानगडीत मी.

ताई शाळेत मदतनीस होती. तळं साफ करायचा प्रकल्प घेऊन माणसं आली तेव्हा ते या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णीने भरलेलं होतं. परक्या माणसाला कुरणच वाटायचं. प्रकल्पात ती सगळ्यात आधी पाण्यात उतरली. तिचा नियम एकच, उपटलेलं रोप काठावर उलटं टाकायचं, मुळं वर. सुलटं टाकलं की ते चिखलात पुन्हा जीव धरतं. हे ती इतक्यांदा सांगायची की सगळे तिला 'मुळंवर बाई' म्हणायला लागले.

नदीच्या वरच्या अंगाला आणखी गावांची तळी होती. तिथे कोणी हयगय केली की वाहून आलेली जलपर्णी आमच्या दारात. म्हणून गावं, कॉलेज, पाणी खातं आणि प्रकल्प यांनी भागीदारी केली आणि आमच्या गावात तळ्याची समिती नेमली. ताई गावोगाव जाऊन माणसं तयार करायची. आमच्या तळ्याच्या तोंडाशी, नदीचं पाणी आत येतं तिथे, पिंपांवर तरंगणारी जाडजूड जाळी बांधली. रोज तिच्यात अडकलेला पाला काढायचा, एवढंच काम.

काही वर्षांनी पाणी दिसायला लागलं. कुमुदं फुलली. मग टिबुकल्या परत आल्या. मुठीएवढे ते पक्षी, माणूस दिसला की बुडी मारून गायब. ताईने मला दुकानातून ओढत नेऊन त्यांचं तरंगतं घरटं दाखवलं.

"एवढ्यासाठी दुकान बंद करायला लावलंस?" मी म्हणालो.

"हो. आणि उद्याही लावीन."

इतकी खूश मी तिला तिच्या लग्नातही पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला.

ग्यानबाची मेख अशी की ताईने माणसं फार चांगली तयार केली. हातात प्रमाणपत्र पडलं की ती माणसं दुसरीकडे नोकरीला चिकटायची. तिचा सगळ्यात हुशार चेला, आम्ही त्याला चष्मेवाला म्हणायचो, एका मोठ्या संस्थेत प्रशिक्षक झाला. ताई सगळ्यांना हौसेने निरोप द्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाटणीचा पालाही स्वतः काढायची.

मग प्रकल्पाची मुदत संपली आणि सांगता समारंभ ठरला. खुर्च्या अर्थात माझ्याच. पाहुण्यांना होडीतून तळं दाखवायचं होतं आणि जाळीची ती गंजकी पिंपं फोटोत येत होती. प्रकल्पाच्या साहेबांनी इंजिनाच्या होडीने जाळी ओढून काठाला लावायला सांगितली.

"साहेब, परत कधी लावणार?" ताईने विचारलं.

"उद्या. आता हे सगळं तुमचंच आहे."

दुसऱ्या दिवशी मी खुर्च्या गोळा करत असताना प्रकल्पाचा ट्रक आला आणि सामानाबरोबर होडीचं इंजिनही घेऊन गेला. ते परत करायच्या सामानात होतं म्हणे. भिजलेली जाळी वल्ह्यांनी हलत नाही. ताईने आम्हा सगळ्यांना दोराला लावलं, माझ्या हमालांनाही. आमचा घाम निघाला, जाळी तसूभर सरकली नाही.

पाणी खात्याने सांगितलं, होडी कॉलेजची. कॉलेजने सांगितलं, जाळी समितीची. समितीचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे," आणि चहा मागवला. कोणी तिला हिडीसफिडीस केलं नाही. सगळे गोड बोलले, म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलं. ती वरच्या गावालाही जाऊन आली. तिथे तिने तयार केलेला माणूस आता एका गोदामावर पहारा करायचा.

"शिकवलेलं सगळं लक्षात आहे, ताई," तो म्हणाला. "पण उतरायला माणसं कुठायत?"

नदी चढली आणि हिरवं आलं. आधी तुकड्यातुकड्यांनी, मग सलग. ताई रोज उतरत होती. संध्याकाळी काठावर उलट्या रोपांची रांग आणि समोर सकाळपेक्षा जास्त हिरवं.

"बस कर आता," मी एकदा ओरडलो. "कोणासाठी मरतेयस?"

"घरी बसून काय करू?" एवढंच म्हणाली. टिबुकल्यांची घरटी होती तिथे आता पाणीच दिसत नव्हतं.

पुढच्या वर्षी समितीच्या हॉलमध्ये नवं प्रशिक्षण आलं. विषय होता, मिळवलेलं टिकवायचं कसं. मी खुर्च्या मांडल्या. शिकवायला चष्मेवाला आला होता. त्याने ताईच्या पाया पडून तिला पहिल्या रांगेत बसवलं. शिकणाऱ्यांत. ताई कौतुकाने त्याच्याकडे बघत होती. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, पण माईक माझा होता.

त्याने स्क्रीनवर आमचं तळं लावलं. सांगता समारंभाचा फोटो होता. निळं पाणी, कुमुदं, कोपऱ्यात एक टिबुकली, आणि जाळीचं कुठे नाव नाही. तो सांगायला लागला, हे बघा, भागीदारीतून काय होऊ शकतं. पण समोरच्या खिडकीतून उजेड येत होता आणि फोटो फिका दिसत होता. त्या खिडकीबाहेर तळं होतं, काठापासून काठापर्यंत हिरवं. चष्मेवाल्याने तिकडे पाहिलं. त्याचं वाक्य अर्धंच राहिलं. तो ताईकडे बघेना.

ताई उठली. आता ती बोलेल म्हणून मी माईक घेऊन पुढे झालो. ती माझ्या बाजूने खिडकीपाशी गेली, क्षणभर बाहेर बघत राहिली आणि तिने पडदा ओढून घेतला.

"आता नीट दिसतंय," ती त्याला म्हणाली. "चालू दे, बाळा."