स्मशानभूमीच्या शेडसाठी एक हजार
गरम कचोरीचा वास आला की मला नगरपालिकेतली अंदाजपत्रकाची ती सभा आठवते. मी तिथे लेखा विभागात लिपिक. आमची रीत साधी होती: मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक समोर ठेवायचं, आकडे थोडे वाढवायचे आणि जे काम व्हायचंच नाही त्याच्यापुढे एक हजार लिहायचे, म्हणजे ते यादीतून गळत नाही. स्मशानभूमीच्या शेडपुढे मी दर वर्षी हजारच लिहायचो. त्या फेब्रुवारीत एका नव्या नगरसेविकेनं विचारलं, "हजारात शेड होते का जी?" मी म्हणालो, "ताई, ते फक्त नाव चालू ठेवाले असते." सगळे हसले, बाकं वाजली, मंजूर झालं, कचोऱ्या आल्या. मे महिन्यात माझे वडील गेले. भर दुपारी माणसं डोक्याला दुपट्टे बांधून चितेभोवती उघड्यावर उभी होती. शेजारचे काका हळूच म्हणाले, "तू तं नगरपालिकेत हायेस ना बापू, इथं सावली काऊन नाही?" मी दुपट्टा कपाळावर पुढे ओढला. यंदाही त्या ओळीपुढे मीच हजार लिहिले. सभेत कचोऱ्या गरम होत्या. मी दोन खाल्ल्या.