रुपया पडायची वाट बघणारं घर

टीव्हीवर रुपया घसरल्याची बातमी आली की सगळा देश सुतकात अन् आमच्या घरी शिरा. थट्टा न्हाय, सासरे खरंच करायला लावायचे. आमचे मालक दुबईत वेल्डिंगला. तिकडचा दिरहम डॉलरला बांधलेला, त्यामुळं डॉलर महागला की मालकांच्या त्याच पगाराचे इथं परंड्यात जास्त रुपये व्हायचे. पगार एका दिरहमानं वाढलेला नसायचा बरं का!

सासरे स्टँडवर चहा पिताना लोकांना समजावायचे, "अमेरिकेनं व्याज वाढवलं की परदेशी लोक आपल्याकडला पैसा काढून तिकडं नेतात. जो तो डॉलर मागतो. मग डॉलर चढतो अन् रुपया आपटतो." एवढं कळणारा माणूस, पण गोडंतेल अन् डिझेलबी बाहेरून डॉलरातच येतं, हे मी सांगितलं की कानाडोळा. वरचे रुपये किराण्यातच जिरायचे.

मालक दरवर्षी म्हणायचे, आता कायमचा येतो, वेल्डिंगनं डोळे जायला लागलेत. सासरे लगेच फोन ओढून घ्यायचे. "येडा का खुळा? असा भाव असताना कुणी नोकरी सोडतं व्हय? जरा दम धर." मला असला राग यायचा! भाकरी थापताना परात आपटायची मी. माझी लेक बापाला फोनमधल्या चेहऱ्यानंच ओळखत होती.

गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांचं दुखणं बळावलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. तेव्हा त्यांनी स्वतः फोन मागितला. "लेकरा, ये आता. मला तुला बघायचंय."

"आबा, डॉलर अजून चढतोय," मालक म्हणाले. "दोन महिन्यांनी एकदाच भरपूर घेऊन येतो. औषधाला काय कमी पडू देणार न्हाय." बोलण्यात माया होती, म्हणूनच ते जास्त लागलं.

सासरे चिडले न्हाईत. "बरं," म्हणाले अन् फोन माझ्याकडं दिला. मी मालकांना नको नको ते बोलले. ते नुसते रडत राहिले, पण येतो काय म्हणाले न्हाईत.

फोन ठेवल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "पोरी, ह्याला हे म्याच शिकवलं न्हाय का गं?"

एवढी फटकळ मी, पण त्यांच्या तोंडाकडं बघून जीभच उचलंना. "न्हाय मामा," म्हणाले अन् त्यांचे पाय दाबत बसले.

मालक आले ते दहाव्याला.