पिवळी खूण

ताईंनी कसलेला बोल्ट कधी सैल निघाला, असं आमच्या चाकणच्या कंपनीत कुणी ऐकलेलं नव्हतं. मी तिथे क्वालिटीला आहे, म्हणजे लोकांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो, आणि नऊ वर्षांत ताईंच्या स्टेशनवर मला एकही चूक सापडली नव्हती. सुरुवातीला याचा मला चक्क राग यायचा. मुद्दाम त्यांच्याच ट्रेमधले चार नग जास्त तपासायचे मी. त्या हाताची घडी घालून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बघा मॅडम, अजून बघा. मला काय घाई नाय."

आमच्याकडे पद्धत अशी. लाइनवरची बाई टॉर्क रेंचने बोल्ट कसते. पुरेसा कसला गेला की रेंच 'टक्' असा आवाज करतो, तिथे थांबायचं. मग क्वालिटीच्या माणसाने त्याच बोल्टला स्वतः रेंच लावून बघायचा आणि बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या मार्करची एक रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आणि एकदा रेघ पडली की त्या बोल्टला कुणी हात लावायचा नाही, मॅनेजरने सुद्धा नाही. एक कसणार, दुसरा तपासणार. सगळी कंपनी या एका गोष्टीवर चालते म्हटलं तरी चालेल.

ताई अठ्ठेचाळीसच्या. राहायला दापोडीत, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. वडील पिंपरीतल्या एका जुन्या कारखान्यात फिटर होते आणि जन्मभर सायकलवर कामाला गेले. ताईंनी त्यांची छाती घेतली आणि हट्टही घेतला. आमच्या पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. दर गुरुवारी उजाडता उजाडता त्या डोंगरात सायकल घेऊन जातात हे कळल्यावर मी सांगवीहून पवनेच्या पुलापर्यंत त्यांना गाठायला लागले. पहिल्या दिवशी देहूच्या पुढे मला उलटी झाली. त्यांनी पाणी दिलं, पाठ चोळली आणि "चल, अजून निम्मं आहे," म्हणाल्या. कंपनीत मी मॅडम, सायकलवर मात्र 'तू'. ते मला फार आवडलं होतं.

चार दिवसांच्या डोंगरी शर्यतीत त्या याआधी दोनदा उतरल्या होत्या. ही शर्यत जोडीने करायची असते. दोघींनी प्रत्येक टप्पा एकमेकींना धरून, ठरलेल्या वेळेत पुरा करायचा, नाहीतर जोडी बाद. पहिल्या वेळी त्यांच्या जोडीदारणीला दुसऱ्याच दिवशी ताप भरला. दुसऱ्या वेळची बांधावर बसून रडली आणि टेम्पोत बसून घरी गेली. आता ताईंच्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, आणि डॉक्टरने सांगून टाकलं होतं की त्यानंतर चालाल-फिराल, पण डोंगरातली सायकल विसरा. म्हणजे ही शेवटची संधी. पुलावर उभं राहून त्या मला म्हणाल्या, "मेडल ठेव बाजूला. मला एकदा त्या शेवटच्या कमानीखालनं जायचंय. येशील?" मी हो म्हणाले. मला इतकं मोठं काही याआधी कुणी विचारलंच नव्हतं.

पहिला दिवस भामा-आसखेडच्या धरणाकाठाने गेला. वाकडच्या उंच इमारतींमधून आलेली आयटीतली पोरं होती. सायकली अशा हलक्या की दोन बोटांनी उचलाव्यात, आणि तोंडात दर अर्ध्या तासाला कसली तरी चिकट पुडी. ताईंकडे गूळ-तुपाच्या चपातीच्या गुंडाळ्या होत्या. चढावर त्या कधी सीटवरून उठत नाहीत. एकच लय धरतात आणि ती सोडत नाहीत. पोरं सुसाट पुढे जायची, दोन वळणांनंतर वाकून धापा टाकताना दिसायची, आणि ताई त्यांच्या बाजूने जाताना न चुकता म्हणायच्या, "काय भावा, फोटो काढतोय का?" मी मागे हसून हसून धाप लागेपर्यंत बेजार. पायांत गोळे, नाकात धूळ, आणि तरी मला वाटत होतं की हा दिवस संपूच नये.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुक्कामावर आम्ही नेहमीप्रमाणे सायकली उलट्या केल्या. कंपनीची पद्धत आम्ही इथेही आणली होती. ताई कसणार, मी रेंच लावून बघणार आणि रेघ ओढणार. त्या त्यांच्या सायकलचा डावा क्रँक, म्हणजे ज्याच्या टोकाला पेडल असतं तो दांडा, काढून साफ करत होत्या. परत बसवून बोल्ट बोटांनी फिरवून लावला, तेवढ्यात गुडघ्याला बर्फ लावायचा त्यांचा नंबर पुकारला गेला. त्या उठून गेल्या. मी मार्कर घेऊन तिथे आले. बोल्ट जागेवर होता. रेंच माझ्या पायाशी होता. मी तो उचलला नाही. ताईंनी लावलाय म्हणजे कसलेलाच असणार. मी वाकून रेघ ओढली आणि चहा घ्यायला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघण्याआधी ताईंनी सायकलभर नजर फिरवली. सगळ्या रेघा होत्या. मग त्यांनी कशालाच हात लावला नाही.

त्या दिवशी वांद्रे खिंड चढायची होती. वरच्या टप्प्यात चालवणं शक्यच नाही, सायकल खांद्यावर घेऊन दगडांतून चढायचं. ताई पुढे, उजवा पाय जपून टाकत. मधेच थांबून त्यांनी मागे हात केला, मी माझी सायकल त्यांच्याकडे दिली आणि त्यांनी ती वर ओढून घेतली. अठ्ठेचाळीस वर्षांची, गुडघा संपलेली बाई माझी सायकल ओढत होती. मला लाज वाटली आणि अभिमानही वाटला. पवनचक्क्यांच्या पठारावर पोहोचलो तेव्हा आमच्या हातात जवळजवळ पाऊण तास जादा होता. ताई म्हणाल्या, "जमलं गं आपल्याला."

पुढच्याच मैलात त्यांचा डावा पाय विचित्र लचकायला लागला. उतरून बघतात तर क्रँक हलतोय आणि रेघ तुटलेली. ताईंनी तुटलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "वाटेत दणके बसून ढिला झाला वाटतं. माझंच चुकलं असणार गं कुठंतरी. सॉरी."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी नुसती मान हलवली.

त्यांनी खिशातल्या पान्याने बोल्ट आवळला आणि आम्ही निघालो. दहा मिनिटांत परत सैल. परत आवळला. परत सैल. अशा चार वेळा. प्रत्येक वेळी आमच्या पाऊण तासातली मिनिटं चालली होती आणि प्रत्येक वेळी मी आता बोलते, आता बोलते म्हणत गप्प बसत होते. पाचव्या वेळी ताईंनी क्रँक पूर्ण काढला, आतल्या चौकोनी भोकात करंगळी फिरवली आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे आताचं नाय. हा सकाळपासनं ढिला चाललाय. भोक खाल्लं गेलंय." भोक मोठं झाल्यावर कितीही आवळा, बोल्ट धरणारच नव्हता.

जवळच एक म्हातारी लिंबू सरबत विकत होती. तिच्या टोपलीमागे फिरायला आलेल्यांनी टाकलेले कोल्ड्रिंकचे डबे पडले होते. ताईंनी एक उचलला, छोट्या कात्रीने त्याचा बोटभर पत्रा कापला, काठ दगडावर घासले आणि तो क्रँकच्या भोकात दुमडून बसवला. वरून दगडाचे दोन ठोके आणि मग बोल्ट. म्हातारी बघत होती. "सायकलीला डबा घालत्यात व्हय? आमी तर कदी न्हाई बगितलं."

"मी पण नाय बघितलं, आजी," ताई म्हणाल्या. त्यांच्या हनुवटीवरून घाम गळत होता. आमच्या कंपनीत एवढ्या कामासाठी तीन विभागांच्या सह्या लागल्या असत्या. क्रँक त्यानंतर एकदाही हलला नाही.

उतार त्यांनी असा काढला की मागे उडालेली धूळ माझ्या आधी खाली येत होती. ब्रेकवर दोनच बोटं, अंग मागे टाकलेलं. आंदर मावळात उतरलो, ओढा ओलांडला, शेवटची शेतं, आणि मुक्कामाचे तंबू दिसले. घड्याळवाला माणूस उभा होता. आम्ही चार मिनिटं उशिरा पोहोचलो. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला की उद्या चालवायचं असेल तर चालवा, पण निकालात नाव नसेल आणि कमानीखालून येता येणार नाही. ताईंनी त्याला थँक्यू म्हटलं.

तंबूबाहेर त्या गुडघा लांब करून बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. रेंच पायाशी होता, उचलला नाही. न बघता रेघ ओढली. आणि पठारावर कळूनही बोलले नाही.

"का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही लावलाय म्हणजे कसलेलाच असणार, असं वाटलं. माझा तुमच्यावर विश्वास होता, ताई."

"विश्वास ठेवायला माझ्या घरी चार माणसं आहेत," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुला मी माझी चूक पकडायला आणलं होतं. मी मधनंच उठले, विसरले. माणूस विसरतं. म्हणून तर दुसरा असतो." मग गुडघा चोळत म्हणाल्या, "बरं, न बघता रेघ ओढली, ते पण होतं कुणाकडनं. पण सकाळपासनं ढिला आहे हे पठारावर पयल्यांदाच बोलली असतीस, तर मी लगेच पत्रा घातला असता. चार वेळा आवळत बसले नसते. चारच मिनिटं कमी पडली ना शेवटी?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. समजूत काढली नाही, पाठही चोळली नाही. सांजावल्यावर उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सकाळी सहाला निघायचं. सायकल साफ कर."

मला वाटलं होतं त्या टेम्पोत बसून घरी जातील. कुणीही गेलं असतं. पण चौथ्या दिवशी त्या सगळ्यांच्या मागे, नंबर काढून घेतलेल्या सायकलवर, पहिल्या दिवसासारखीच लय धरून निघाल्या. दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. चढावर उजवा पाय बाहेर फेकला जात होता. एका ओढ्यात त्या पडल्या, मी धावले, तर त्या आधीच उठून चिखल झटकत होत्या. न मोजल्या जाणाऱ्या वाटेवर त्यांनी एक वळण चुकवलं नाही, एक चढ सोडला नाही. मी मागून बघत होते आणि मला कळत होतं की असं मला कधीच जमणार नाही, पण निदान हे जवळून बघायला तरी मिळालं.

शेवट चाकणला, कंपन्यांच्या रस्त्यावर होता. पहिली शिफ्ट नुकतीच सुटली होती. आमच्या लाइनवरच्या आठ-दहा मुली आणि माझ्या क्वालिटीतल्या दोघी बस सोडून दोरीपाशी थांबल्या होत्या. ताईंना बघून त्यांनी एकच गलका केला. स्वयंसेवकाने शिट्टी वाजवून आम्हाला कमानीच्या डावीकडून, दोरीच्या बाहेरून काढलं. गलका हळूहळू थांबला.

"ताई, कमानीतनं का नाय आलात?"

ताई सायकलवरच, डावा पाय टेकून थांबल्या. "काल बाद झालो. चार मिनिटं उशीर झाला. क्रँकचा बोल्ट ढिला पडला."

"तुमचा बोल्ट?" एक जण म्हणाली. "तुमचा?"

चाकणमध्ये जे कुणी कधी ऐकलं नव्हतं ते मुली ऐकत होत्या. ताईंनी हँडल घट्ट धरलं होतं. "व्हय. कसायचा राहिला माझ्याकडनं," त्या म्हणाल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.

"मी न तपासता रेघ ओढली," मी म्हणाले. माझ्या दोघी क्वालिटीवाल्या माझ्याकडे बघत होत्या, ज्यांना मी रोज याच गोष्टीवरून झापते. "रेंच हातात घेतला नाही. आणि कळल्यावर लपवलं. ताई वेळेत आल्या असत्या. माझ्यामुळे राहिलं."

ताईंनी कालच्या संध्याकाळनंतर पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "आता इकडं ये आणि मला उतरव. मघापासनं पाय उचलत नाय माझा."

तेव्हा मला दिसलं की त्या आपणहून सायकलवर थांबल्या नव्हत्या, त्यांना उतरताच येत नव्हतं. गुडघा दुप्पट सुजला होता. मुलींनी सायकल दोन्ही बाजूंनी धरली. मी खाली वाकले, त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि सीटवरून अलगद पलीकडे आणला. त्यांनी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला.