साक्षीदार

"गुरुजी, कापले का?"

पगाराच्या दिवशी शाळेच्या दारातून हा प्रश्न आला, की सगळं गाव ज्यांना मावशी म्हणायचं त्या कामावर निघाल्या असं समजायचं. डोक्यावर उपडं घमेलं, खांद्यावर टिकाव. मी "कापले" म्हटलं की "मंग बरं" म्हणून त्या पुढे जायच्या. माझ्या पगारातल्या कपातीने सुखी होणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

चूक माझीच. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा रोजगार हमीतून तळं खोदायचं काम चाललं होतं. एकदा मी मावशींपुढे कुरकुरलो, की सरकार दरमहा माझा व्यवसाय कर कापतं आणि त्यातून तुमची मजुरी देतं. मला वाटलं, त्या ओशाळतील. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"म्हंजी माझे पैसे तुमच्या खिशातून येऊन राहिले. सांभाळत जा."

तरीही मी स्वतःला त्या तळ्याचा थोडासा दाता समजू लागलो. पहिल्यांदा कर भरला तेव्हा तुम्हालाही असंच काहीसं वाटलं असेल.

मजुरी दिवसावर नसे, खोदलेल्या मातीवर असे. किती खोल गेलो ते कळावं म्हणून खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा एक खांब न खोदता सोडत. मावशी त्याला 'साक्षीदार' म्हणत. लेकरांना त्यावर चढू देत नसत. "त्याला अजून बोलायचं हाय," म्हणत.

मोजमापाच्या दिवशी त्यांनी मला शाळेतून उठवून नेलं. "चला, तुमचे पैसे कुठं मुरून राहिले ते बघा."

साहेब इस्त्रीच्या पँटीत आले होते. बूट मळू नयेत म्हणून त्यांनी काठाशी, जिथे खड्डा उथळ होता तिथेच टेप धरला आणि म्हणाले, "तीन फूट."

"मधी या ना साहेब. साक्षीदार उभा हाय."

"मला शिकवू नका बाई."

मावशी माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, उतरा. त्याला खेटून उभं ऱ्हा."

मी पायजमा सावरत उतरलो. खांब माझ्या गळ्याशी आला.

"साहेब," मावशी शांतपणे म्हणाल्या, "गुरुजी बुटके हायत. पण तीन फुटाचे न्हाईत."

सगळे मजूर हसले. साहेबांनाही नाइलाजाने हसू आलं. खाली उतरून त्यांनी पुन्हा मोजलं आणि आधीचा आकडा खोडला. "आता पाडा तो खांब," म्हणाले.

"मजुरी हातात पडू द्या. मंग पाडते."

मजुरी खऱ्या मापाने मिळाली, पण इतकी उशिरा, की तोवर तळं भरलं होतं. खांब पाण्याखाली तसाच राहिला.

पुढे मी निवृत्त झालो. मावशींची पाठ वाकली होती, टिकाव मात्र सुटला नव्हता.

"आता कापणार न्हाईत?"

"नाही. आता पेन्शन."

"म्हंजी घरी बसून पगार? काहून?"

"तीस वर्षं नोकरी केली ना, मावशी."

त्यांनी आपले तळवे उलटेपालटे करून पाहिले. "काम तर आमी बी तेवढंच केलं की, गुरुजी."

या वेळी साक्षीला उतरावं असा खड्डा समोर नव्हता.

मावशी गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. उन्हाळ्यात तळं आटलं की खांब वर येतो, दर साली थोडा विरघळलेला. मी जाऊन त्याच्या शेजारी उभा राहतो. आता तो माझ्या गुडघ्याला लागतो.

मी काही उंच झालेलो नाही.