सत्कार नको, खुर्ची हवी

आमच्या शाळेत वर्गात शिक्षकांना खुर्ची नाही. पूर्वी होती. एकदा संस्थेचे अध्यक्ष अचानक फेरीला आले, तेव्हा एक सर खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून कविता शिकवत होते. सरांचं म्हणणं, ते कवितेत रमले होते. अध्यक्षांच्या कानावर मात्र घोरणं आलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गांतल्या खुर्च्या हॉलमध्ये कुलूपबंद झाल्या आणि जिन्यापाशी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं गेलं, 'शिक्षक उभा, तर शाळा उभी.'

मला तेव्हा या नियमाचं काही वाटलं नाही. मी इतिहास शिकवते, आणि लढाया बसून शिकवता येत नाहीत असं माझं मत होतं. मग मला संधिवात झाला.

संधिवात म्हटलं की लोक आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतात. गुडघे बरे आहेत. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं, तो हा प्रकार. माझ्या बाबतीत बोटं, मनगटं आणि घोटे. दुखणं गोळ्यांनी बरंचसं आटोक्यात आहे, थकवा नाही. सुजलेलं बोट पुढे करून दाखवता तरी येतं, थकवा काय दाखवणार? दमलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो. मी उठते तीच दमून. इन्व्हर्टरची बॅटरी उतरत आली की पंखा फिरत राहतो पण वारा लागत नाही, तसं काहीसं.

सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी मी पांघरुणात मुठी वळून बघते. अर्धी मूठ वळली तर दिवस बरा जाईल. नाही वळली, तर तिथंच पडल्या पडल्या मोजामोज सुरू होते. आज फळ्यावर किती लिहावं लागेल, वरच्या मजल्यावर किती वेळा जावं लागेल, आणि मधेच कुठं काही बिनसलं तर कुणाच्या लक्षात येईल. शेवटची काळजी सगळ्यात मोठी. दहावीचा वर्ग माझ्याकडे आहे. मुख्याध्यापकांनी दिवाळीनंतर एकदा सहज म्हणून विचारलं होतं, "मॅडम, ग्रंथालय बघता का? हलकं काम आहे." आमच्या ग्रंथालयाला पुस्तकांपेक्षा ट्रॉफ्यांची कपाटं जास्त. ते हलकं काम म्हणजे दहावी जाणार, हे मला कळलं. मी हसून विषय बदलला आणि त्या दिवसापासून न थकल्याचं नाटक करू लागले.

नाटक बरं चाललं होतं. खिडकीच्या कठड्याला टेकायचं आणि जणू मैदानाकडे बघतेय असं भासवायचं. पोरांकडून मोठ्यानं वाचून घ्यायचं. पण एका दुपारी हैदराबाद मुक्तिसंग्राम शिकवताना वाक्याच्या मध्येच मी थांबले. पुढचा शब्द येईना. गावोगावी ज्यांच्या नावानं लोक दारं लावून घेत, ते कोण? माझ्या आजोबांनी ज्यांच्या गोष्टी सांगितल्या, ते कोण? डोक्यात नुसता पांढरा पडदा.

"रझाकार, मॅडम," पहिल्या बाकावरची पोरगी हळूच म्हणाली.

वर्गाला वाटलं, मॅडमनी प्रश्न विचारला. मला घाम फुटला होता. त्या दिवशी ठरवलं, आता खुर्ची मागायची. बसायला मिळालं तर वाचलेली ताकद डोक्याला तरी पुरेल.

"खुर्ची?" मुख्याध्यापक म्हणाले.

"हो सर. वर्गात. बसायला."

"ते कळलं हो. पण एकीला दिली की उद्या सगळे मागतील. तुम्हाला बरं नाही का?"

मी थोडक्यात सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "अहो, मग आधी नाही का बोलायचं! आमच्या सासूबाईंना आहे ना. लसणाचं तेल लावतात गुडघ्याला."

"सर, खुर्ची."

"वर बोलतो."

वर म्हणजे अध्यक्षांशी. थोड्या दिवसांनी सर स्वतः स्टाफरूममध्ये आले, चेहरा खुललेला. "मॅडम, अभिनंदन! साहेब ऐकून गहिवरले. स्नेहसंमेलनात तुमचा सत्कार आहे."

"कशाबद्दल?"

"आजाराशी झुंज देत ज्ञानदान केल्याबद्दल."

"आणि खुर्ची?"

त्यांनी आवाज खाली आणला. "आधी सत्कार होऊन जाऊ द्या. साहेब सत्कार केलेल्या माणसाला नाही म्हणत नाहीत."

यात तथ्य होतं, आणि तिथूनच माझी झोप उडाली. स्टेजवर मी फार आजारी दिसले, तर दहावी जाणार. धडधाकट दिसले, तर खुर्ची जाणार. नेमकं किती आजारी दिसायचं, याचा अंदाज मला येईना. घरी नवऱ्याला विचारलं.

"थोडं लंगड," तो म्हणाला.

"अहो, मला जास्त त्रास हातांचा आहे."

"मग हातानं लंगड."

त्याला स्वतःचा विनोद आवडला. मलाही आवडला असता, पण संमेलन रविवारी होतं. माझी आठवड्याची मोठी गोळी शनिवारी असते, आणि रविवार तिच्या नावानं लिहून दिलेला असतो. त्या दिवशी तिच्या गुंगीत मी घरात असते, एवढंच. त्यात आमच्या गल्लीत पाण्याची पाळीही रविवारीच निघाली. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी घराघरांतून माणसं सगळी कामं टाकून टाक्या, पिंपं, पातेली भरत बसतात. नवरा वाळूजच्या कंपनीत, त्याची नेमकी पहिली शिफ्ट. जाताना तो बजावून गेला, "फक्त टाकी भर. पिंपांच्या नादी लागू नको." पण पाण्याला धार चांगली होती, आणि चांगली धार सोडवत नाही. पुढच्या पाळीची खात्री कुणी दिली आहे? मी पिंपंही भरली. मग पलंगावर बसले आणि पैठणीकडे बघत राहिले. ती नेसायची म्हणजे निऱ्यांना बोटं लागतात. शेवटी साधी सुती साडी कशीबशी गुंडाळली.

"सत्कारमूर्ती असल्या साडीत?" भूगोलाच्या मॅडम दारात स्कूटी थांबवून म्हणाल्या. त्या आमच्याच गल्लीत राहतात आणि मला शाळेत नेतात-आणतात.

"झुंज देतेय ना. भरजरी कशी चालेल?"

"बसा मागं. आणि घट्ट धरा. सत्काराआधी पडलात तर श्रद्धांजली वाहावी लागंल आम्हाला."

शाळेच्या मैदानावर मांडव होता. स्टेजवर सोफे, त्यांवर पांढरे टॉवेल, आणि मधोमध लाल मखमलीची, सोनेरी हातांची एक भली थोरली खुर्ची. ती प्रमुख पाहुण्यांची. पाहुणे 'रस्त्यात' होते. जवळच्याच करमाडपर्यंत आले, असं दर थोड्या वेळानं माइकवरून सांगितलं जाई. करमाड इतकं लांब आहे हे मला त्या संध्याकाळी कळलं.

बाकी सगळे बसले होते. उभे होतो आम्ही सत्कारमूर्ती, स्टेजच्या पायऱ्यांपाशी ओळीनं. सत्कारमूर्तीनं बसायचं नसतं, तशी पद्धत आहे. कुठल्याही क्षणी नाव पुकारलं जाईल म्हणून. शिपाईमामा नारळांचं तबक घेऊन शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे वळले.

"मामा, एखादी खुर्ची मिळंल का इथं?"

"हायेत की मॅडम, हॉलमधी लई पडल्यात. पण चावी सरांकडं, अन सर स्टेजवर."

घोटे जड झाले होते. दिवे, गाणी, टाळ्या सगळं कापसातून ऐकू येत होतं. अध्यक्ष बोलायला उठले. परंपरा, संस्कार, त्याग असं करत करत ते माझ्यापर्यंत आले.

"आमच्या या मॅडम! इतका दुर्धर आजार, पण आजही उभ्या राहून शिकवतात! त्यांनी कधी," इथं त्यांनी आवाज चढवला, "कधी साधी खुर्चीसुद्धा मागितली नाही!"

टाळ्यांचा कडकडाट. मी मुख्याध्यापकांकडे बघितलं. ते मन लावून पुष्पगुच्छाची रिबन सरळ करत होते. 'वर' काय बोललं गेलं आणि काय गाळलं गेलं, ते मला कळलं. आता हा सत्कार घेऊन खाली उतरले, की खुर्ची कायमची गेली. भर सभेत कौतुक झालेली गोष्ट सोमवारी कशी मागणार?

नाव पुकारलं गेलं. कठड्याला धरून वर गेले. खांद्यावर शाल आली. एका हातात नारळ, दुसऱ्यात फायबरचं स्मृतिचिन्ह, वर पुष्पगुच्छ. मनगट वाकायला लागलं. नारळ स्टेजवर आपटला तर लोक त्याचा काय अर्थ काढतील, एवढीच भीती डोक्यात होती. आणि सूत्रसंचालक म्हणाले, "मॅडमना विनंती, दोन शब्द बोलावेत."

जवळात जवळ मोकळी जागा एकच होती. मी त्या लाल मखमली खुर्चीत बसले.

कुणीतरी खुसुखुसु हसलं. शिपाईमामांनी धावत येऊन हातातलं सामान घेतलं आणि माइक माझ्या तोंडापाशी धरला.

"मी बसूनच बोलते," मी म्हणाले. "साहेबांना चुकीची माहिती मिळाली. मी खुर्ची मागितली आहे. मला उभं राहणं जमत नाही. शिकवणं जमतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढंच सांगायचं होतं."

मागून, पोरं बसली होती तिथून, टाळ्या आल्या. पण अध्यक्ष मुरलेले वक्ते. त्यांनी दुसरा माइक उचलला. "मी आत्ताच, या मंचावरून, मॅडमना एक खुर्ची जाहीर करतो!" पुन्हा टाळ्या. बंधारा मंजूर झाल्यासारख्या.

सोमवारी दहावीच्या वर्गात खुर्ची होती. साधी, लोखंडी. पाठीवर ताज्या पांढऱ्या रंगात 'अध्यक्षांच्या सौजन्याने' असं लिहिलेलं. मी बसले की ते झाकलं जातं.

अंगात शनिवारची गोळी अजून होती, रविवारचं उभं राहणं होतं. तरी बसून शिकवताना शब्द येत होते. एकही अडला नाही. तेवढ्यात दारात मुख्याध्यापक दिसले आणि मी सवयीनं उठायला गेले. उठता आलं नाही. हात खुर्चीच्या दांड्यांवर तसेच राहिले.

"बसा, बसा मॅडम," ते म्हणाले. आणि जरा जास्तच वेळ बघत राहिले, माझ्या हातांकडे. मला ग्रंथालय आठवलं.

ते गेल्यावर मी पोरांना पुढचं पान काढायला सांगितलं.