गाठ गेली, आवाज राहिला

नाकाच्या ऑपरेशनसाठी मी नारायण पेठेतल्या एका दवाखान्यात होतो. शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त गृहस्थांच्या स्वरयंत्रावर कर्करोगाची लहानशी गाठ होती.

"लेझरने तेवढीच काढू. आवाज वाचतो का बघू," डॉक्टर म्हणाले.

"बघू नका, वाचवा," गृहस्थ म्हणाले.

ऑपरेशननंतर त्यांना बोलायला बंदी होती. चहा पातळ असल्याचं ते नर्सला नुसत्या भुवयांनी सुनावत. त्यांच्या पत्नी मात्र धास्तावून बसलेल्या असत.

बंदी उठली त्या सकाळी मी मोबाइलवर अमेरिकेतल्या क्लायंटशी बोलत होतो. गृहस्थ माझ्याकडे वळले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अहो, एवढं ओरडताय, तर फोन कशाला लावलात?"

पत्नींनी पदर डोळ्यांना लावला.

"तेच आहेत हो," त्या मला म्हणाल्या.